मंगळवारकाका

मामांचा आवाज घाऊक बाजारात प्रसिद्ध होता. भाजीचे ढीग, फळांच्या पेट्या, कधी बुडालेल्या दुकानातली कपाटं, जे येईल त्याचा लिलाव ते पुकारायचे. लाकडी फळीवर उभे राहून त्यांनी बोली सुरू केली की पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही माल कितीवर गेला ते कळायचं. घरी आल्यावरही आवाज खाली यायचा नाही. मामी म्हणायची, "अहो, इथे मी एकटीच आहे आणि मला विकायला काढलेलं नाही. हळू बोला."

त्या माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि सगळे शब्द गेले. एक सोडून.

उरलेला शब्द होता 'मंगळवार'. तोच का उरला, हे कोणालाही सांगता आलं नाही. बाजाराची सुट्टी रविवारची, लग्न झालं शुक्रवारी, मंगळवारचा मामांशी काडीचाही संबंध नव्हता. पण भूक लागली की मंगळवार, पंखा लावायचा असला की मंगळवार, मामीवर उखडले की मंगळवार आणि लाडात आले तरी मंगळवार. डोकं मात्र जागेवर होतं. पत्त्यांत ते मामीला अजूनही हरवायचे आणि जिंकल्यावर असं काही 'मंगळवार' म्हणायचे की मामी पत्ते फेकून द्यायची.

बाळी ही त्यांची भाची. चाळिशी उलटली, केसांत पांढरं दिसू लागलं, तरी घरात ती बाळीच राहिली. संस्थेत मात्र ती मॅडम होती. मेंदूच्या आजाराने ज्यांची वाचा गेली त्यांना बोलतं करायचं, आणि जे काही थोडंफार बोलणं उरलं असेल त्याचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. मामा आजारी पडण्याच्या कितीतरी आधीपासून ती त्यात होती. "घरचाच पेशंट मिळू दे म्हणून देवाला काही बोलली होतीस का गं?" मामीने एकदा विचारलं होतं. मग दोघी हसल्या होत्या, आणि हसता हसता रडल्या होत्या.

बाळीची खोली तळमजल्यावर, अगदी मागे होती. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, भिंतीवर तोंड दिसेल एवढा आरसा, चित्रांच्या पत्त्यांचा खोका आणि रेकॉर्डर. मामा आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांचा उजवा हात छातीशी मिटलेला असायचा. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती आणि तिथून लाळ गळायची, म्हणून मामी त्यांच्या गळ्याभोवती एक मऊ, धुवून धुवून पातळ झालेला नॅपकिन बांधायची. समोर बसलेल्या माणसाची नजर त्या नॅपकिनवर गेली की मामांना लगेच कळायचं. ते मान फिरवायचे.

बाळीचा विषय नेमका हाच होता: एकच शब्द उरलेली माणसं. एक आजी सगळ्याला 'तेच ते' म्हणायच्या. एक निवृत्त मास्तर फक्त एक-दोन-तीन म्हणायचे, त्यातच भांडायचे आणि त्यातच माफी मागायचे. बाळीने अशा पुष्कळ जणांचं बोलणं टिपून ठेवलं होतं. शब्द तोच असला तरी सूर बदलतो, चढउतार बदलतो, थांबणं बदलतं. आणि ऐकणारा जरा धीर धरून बसला तर त्याला समजतं. शब्द गेले तरी बोलणं जात नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते सिद्ध करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यावरचे तिचे लेख ज्या नियतकालिकांत छापून यायचे, ती वाचणारी सगळी माणसं मिळून एक बससुद्धा भरली नसती.

म्हणूनच संचालकांनी बोलावलं तेव्हा तिला बरं वाटलं.

"मॅडम, तुमचं काम लोकांपर्यंत गेलंच पाहिजे," संचालक म्हणाले. "यंदा आपण 'संशोधन सर्वांसाठी' नावाचा कार्यक्रम घेतोय. एक संशोधक, एक कलावंत, अशी जोडी. तुम्ही विषय द्यायचा, त्यांनी तो रंगवायचा. सामान्य माणसाला समजेल असं."

बाळीला हे पटलं. मामांना घेऊन ती दुकानात गेली की दुकानदार मामांच्या कानाशी ओरडायचा, जणू ते बहिरे आहेत. बसमध्ये एकदा एका गृहस्थाने 'सकाळीच टाकून आलाय' म्हणून नाक मुरडलं होतं. चार लोकांना जरी कळलं की हा माणूस आतून पूर्वीसारखाच आहे, तरी पुष्कळ झालं, असं तिला वाटलं.

तिच्या वाट्याला एक नट आला. नाव कमावलेला, चाळिशीतला, हलक्या आवाजात बोलणारा. तो तिच्या खोलीत आला, डोळे मिटून बसला आणि एकामागून एक रेकॉर्डिंग ऐकत राहिला. मामांचा आवाज लागला तेव्हा त्याने डोळे उघडले. ते भरून आले होते.

"मॅडम, हे बोलणं नाही. हे संगीत आहे," तो म्हणाला. "मला हे सरावासाठी मिळेल? आवाज गळ्यात मुरला पाहिजे."

रेकॉर्डिंगमधली माणसं आणि त्यांच्या घरचे, सगळ्यांनी लोकशिक्षणासाठी आवाज वापरायला होकार दिलेलाच होता. तरी बाळीने मामांना वेगळं विचारलं. "मामा, एक मोठे नट तुमचा आवाज काढणार आहेत. स्टेजवर. चालेल?" मामांनी डावा हात छातीवर ठेवला, मान ताठ केली आणि जुन्या थाटात, शेवटची बोली पुकारावी तसं म्हणाले, "मंगळवार!"

"चढलेत," मामी म्हणाली. "आता चार दिवस खाली उतरायचे नाहीत."

तालीम बाळीने पाहिली होती. रिकाम्या हॉलमध्ये नट प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीत बसला होता. एकच दिवा. तो तसाच पाठमोरा तोच शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणत गेला. एकदा भूक, एकदा राग, एकदा भीती. बाळीच्या अंगावर काटा आला. तिने त्याच संध्याकाळी मामीला फोन करून सांगितलं, "तुम्ही दोघं या. पुढच्या रांगेत जागा ठेवते. मामांचं नाव कुठेही येणार नाही, पण त्यांनी हे बघायलाच हवं."

कार्यक्रमाच्या दिवशी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. दाढी गुळगुळीत. नॅपकिनसुद्धा मामीने नवा काढला होता. हॉल गच्च भरला होता. दारातच प्रत्येकाला सँडविचचा खोका मिळत होता आणि सगळीकडे कागद फाडल्याचे, चावल्याचे आवाज चालू होते.

सूत्रसंचालन संचालकांनी स्वतःकडेच घेतलं होतं. "मित्रांनो, संशोधन म्हणजे काही कंटाळवाणं नसतं बरं का!" असं ते दर थोड्या वेळाने म्हणत होते, आणि ते जितक्यांदा म्हणत तितका कंटाळा वाढत होता. आधी मुंग्यांचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक येऊन गेले. त्यांच्याबरोबर बाहुल्यांचा खेळ होता. मुंगी राणीला मोबाइलवर फोन लावते वगैरे. मग एक भूगर्भशास्त्रज्ञ आले. ते खडकांविषयी चार वाक्यं बोलतात न बोलतात तोच लाल कापड गुंडाळलेली एक नर्तकी त्यांच्या पायांशी लोळू लागली. ती लाव्हा होती. बिचारे शास्त्रज्ञ पाय उचलून उभे राहिले. लोक खोक्यातून नजर वर करायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा खोक्यात बघायचे.

पडद्याआड नट बाळीशेजारी उभा राहून हॉलकडे डोकावत होता.

"गार पडलंय पब्लिक," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही तुमचं बोलून घ्या. मी जरा तापवतो."

तापवतो म्हणजे काय, हे बाळीने विचारलं नाही. तिला वाटलं, वेग वाढवेल थोडा.

ती गेली, बोलली. जसं ठरवलं होतं तसंच, साध्या शब्दांत. मेंदूतली भाषेची जागा म्हणजे काय, शब्द जातात म्हणजे काय होतं, ऐकणाऱ्याने काय करावं. पुढच्या रांगेत मामा तिच्याकडे टक लावून बघत होते. एरवी ते ज्या खोलीत तिच्यासमोर बसत, तिथे ती प्रश्न विचारायची. इथे ती त्यांच्या वतीने उत्तर देत होती. मामांचा चेहरा फुलला होता. अर्धाच फुलू शकत होता, पण तेवढा पुरेसा होता.

टाळ्या पडल्या, ती बाजूला झाली, आणि नट आला.

तो पाठमोरा आला नाही. तो समोरून आला, एक पाय फरफटत. उजवा हात छातीशी मुडपलेला. तोंड वाकडं केलेलं. गळ्यात पोरांना जेवताना बांधतात तसलं झालरीचं मोठं लाळेरं. रंगमंचाच्या मध्यावर येऊन तो थांबला, डोळे फिरवले आणि ओठाच्या कडेतून लाळेची लांब तार सोडली. दिव्याच्या झोतात ती चकाकली.

हॉल हसला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा, मनापासून, पोट धरून हसला.

"मंगळवार?" नट म्हणाला.

आणखी हशा.

मग त्याने बायकोकडे पाणी मागितलं, 'मंगळवार'. बायको आली नाही म्हणून चिडला, 'मंगळवार'. शेजारीण दिसली, 'मंगळवाऽऽर'. संडासला घाईची लागली, 'मंगळवार मंगळवार मंगळवार', आणि पोट धरून रंगमंचभर लंगडत धावला. आवाज हुबेहूब मामांचा होता. सूरही मामांचेच, बाळीने जपून टिपलेले, तिनेच उलगडून दाखवलेले. आजी त्यात होत्या, मास्तरांचं एक-दोन-तीन होतं. आपण कोणाच्या तरी घरात शिरून त्यांच्या अंगावरची वस्त्रं आणून या माणसाच्या हातात दिली आणि तो ती नाकाशी धरून लोकांना दाखवतोय, असं तिला वाटलं. तिने मामांकडे पाहिलं.

मामा स्टेजकडे बघत नव्हते. ते मान वळवून मागे बघत होते. रांगांमागून रांगा, हसणारी तोंडं, अर्धवट चावलेला पाव दाखवणारी तोंडं. एक बाई डोळे पुसत होती हसून हसून. मामी त्यांचा दंड धरून काहीतरी सांगत होती. मामांनी तिचा हात झटकला. खुर्चीचा आधार घेऊन ते उभे राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले,

"मंगळवार!"

बंद कर, असा त्याचा अर्थ होता. त्या सुराचा दुसरा कुठलाच अर्थ होऊ शकत नव्हता. लहान मुलालासुद्धा कळला असता.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "बुधवार!"

हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर थापा मारू लागले. नटाने कपाळावर हात धरून खाली पाहिलं. दिव्यांच्या झोतामुळे त्याला पुढच्या रांगेतला माणूस फक्त आकारापुरता दिसत असावा. तो खूश झाला. "वा, वा! भाऊबंद भेटला!" असं म्हणून तो रंगमंचाच्या कडेशी वाकला आणि मामांच्याच आवाजात मामांना म्हणाला, "मंगळवार?"

"मंगळवार!" मामा पुन्हा ओरडले.

"मंगळवाऽऽर!" नट.

आता अख्खा हॉल टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणू लागला. मंगळ-वार, मंगळ-वार. मामांच्या तोंडातून लाळ शर्टावर ओघळत होती आणि त्यांना ती पुसायचं भान नव्हतं.

बाळी कशी पुढे गेली ते तिला आठवत नाही. तिने स्टँडवरचा माइक ओढून घेतला.

"दिवे लावा," ती म्हणाली. "हॉलमधले सगळे दिवे लावा."

दिवे लागले.

"हे माझे मामा आहेत," ती म्हणाली. "हा त्यांचा आवाज आहे. ते तुम्हाला थांबा म्हणतायत."

एवढंच बोलली. हॉल चिडीचूप झाला. नटाचं तोंड आपोआप सरळ झालं. आणि बाळीला वाटलं, समजलं यांना. आता समजलं.

मग मधल्या रांगेत एक गृहस्थ उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागे दुसरे. मग रांगच्या रांग उठली. बायका डोळ्यांना रुमाल लावत होत्या. कोणी 'क्या बात है' म्हणालं. टाळ्या थांबेनात. सगळ्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. आधी हसवायचं आणि मग असं रडवायचं. शेवट काय जबरदस्त केला! तीच तोंडं होती. तेच ओठ, त्यांवर पावाचे तेच कण. हसताना उघडली होती तितकीच आता हळहळताना उघडली होती. आणि दोन्ही वेळा मजा तीच.

बाळी खाली उतरली. मामीने एव्हाना मामांचं तोंड पुसलं होतं आणि ती त्यांना बाजूच्या दाराकडे नेत होती. वाटेत लोक मामांच्या खांद्याला हात लावत होते, पाठ थोपटत होते. "ग्रेट, काका, ग्रेट." एका तरुण मुलीने मामांच्या शेजारी मान तिरकी करून स्वतःचा फोटो काढला. मामीने तिच्या हातावर अशी चापट मारली की फोन खाली पडला.

"अहो आजी, असं काय करता? मी कौतुकच करत होते ना!"

"तुझं कौतुक घाल चुलीत," मामी म्हणाली.

बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, बाळी भिंतीला धरून ओकली. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिली. मामा गाडीत बसले होते. त्यांनी काच खाली केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी तिला बोलावून घेतलं. ते खुर्चीतून उठून दारापर्यंत आले.

"मॅडम, काय क्षण दिलात! मला तर आधी सांगायला हवं होतंत तुम्ही, मीसुद्धा फसलो. क्लिप पाहिलीत? काल रात्रीपासून सगळीकडे फिरतेय. मंगळवारकाका म्हणतायत लोक त्यांना."

"ते ठरवलेलं नव्हतं, सर."

"नव्हतं?"

"माझ्या मामांची टिंगल झाली. माझ्या सगळ्या पेशंटांची झाली. मी ती थांबवायला गेले होते."

संचालक खुर्चीत जाऊन बसले. जरा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "हे बघा, पद्धत थोडी भडक झाली असेल. पण मला एक सांगा, तुमचे लेख किती जणांनी वाचले? आणि काल किती जणांना कळलं, की असा काही आजार असतो?"

"काय कळलं त्यांना?"

"कळलं ना, की असतो."

बाळीला त्यांच्या टेबलावर कालचा एक सँडविचचा खोका दिसला. उघडा, आत चावलेला तुकडा, त्यावर माशी. "रेकॉर्डिंग मला परत पाहिजेत," ती म्हणाली. "आणि क्लिप काढून टाकायला सांगा."

"सांगून बघतो," संचालक म्हणाले, म्हणजे सांगणार नाहीत हे तिला समजलं. "पण संमती तर सगळ्यांचीच होती, मॅडम."

त्या आठवड्यात मामा उपचारांना आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मामी फोनवर म्हणाली, "बोलत नाहीत गं. तो एक शब्दसुद्धा टाकलाय. पाणी पाहिजे असलं तर पेला आपटतात. काल औषधाच्या दुकानात नेलं, तर तिथला पोऱ्या आत ओरडला, 'अरे मंगळवारकाका आले!' हसला बिचारा, वाईट हेतू नव्हता त्याचा. पण तेव्हापासून दारापर्यंतही येत नाहीत."

बाळीने बाकीच्यांच्या घरी स्वतः जाऊन माफी मागितली. आजींच्या मुलाने दार लावून घेतलं. मास्तरांच्या मुलीने मात्र तिला चहा पाजला. "अहो मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता? आम्ही सगळ्यांना पाठवली क्लिप. बाबा आहेतच तसे विनोदी." आतल्या खोलीत मास्तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले होते. मुलगी हसत होती. बाळीने चहा तसाच ठेवला आणि ती उठली.

आणि मग एका दुपारी नट मामांच्या घरी आला. बाळी तेव्हा तिथेच होती. त्याच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ होता. मामीने दार अडवलं, पण तो मामीच्या हाताखालून वाकून आत शिरला आणि मामांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. गुडघ्यांवर.

"मामा, मी पापी आहे," तो म्हणाला आणि रडू लागला. खोटं नव्हतं ते. नाक लाल झालं, आवाज फाटला. "मला माहीत नव्हतं तुम्ही समोर आहात. माहीत असतं तर—"

"तर आमच्या पाठीमागे केलं असतंत?" मामी म्हणाली.

"मामी, तुम्हाला चिडायचा हक्क आहे. मी रात्र रात्र झोपलो नाही. म्हणून मी ठरवलंय, याचं प्रायश्चित्त घ्यायचं. आपण याचा पूर्ण नाट्यप्रयोग करू. मामा स्वतः स्टेजवर. शेवटच्या प्रवेशात फक्त. मी मामांच्या पायांवर डोकं ठेवतो आणि पडदा. जगाला कळू दे, यांच्यात किती मोठा माणूस आहे."

बाळी म्हणाली, "तुम्ही जा."

"मॅडम, तुम्ही तरी समजून घ्या. हा विषय माझ्या रक्तात भिनलाय—"

त्याचे गाल ओले होते. नाकातून पाणी वाहत होतं. मामा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. आता त्यांनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं, वर्षानुवर्षं पुढ्यातला माल पारखलेल्या माणसासारखं, वरून खालपर्यंत. मग त्यांनी डाव्या हाताने हळूहळू गळ्याची गाठ सोडली. नॅपकिन सकाळपासूनचा होता. ओला, पिवळट, कडेला दुपारच्या वरणाचा डाग. मामांनी तो घडी करून नटापुढे धरला. डोळे पूस.

नट मागे सरला.

अगदी जरासा. नाकपुड्या आत ओढल्या गेल्या, हनुवटी वर गेली, हात पाठीमागे गेले. पुढच्याच क्षणी त्याने सावरलं, चेहऱ्यावर पुन्हा दुःख आणलं, हात पुढे केला. पण खोलीतल्या तिघांनीही पाहिलं होतं. स्टेजवर लाळेची तार सोडणाऱ्या त्या माणसाला खऱ्या लाळेला बोट लावताना शिसारी आली होती.

मामांनी नॅपकिन मागे घेतला. तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. त्यांच्या तोंडाची डावी बाजू किंचित हलली. हसले की काय, ते बाळीला नक्की सांगता आलं नाही. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

नट उठला. दारात थांबून काहीतरी बोलणार होता, पण मामीने गुच्छ त्याच्या छातीवर दाबला. "हा घेऊन जा. आमच्याकडे फुलदाणी नाही."

तो गेल्यावर मामी म्हणाली, "बाळी, खिडकी उघड. अत्तराचा वास भरलाय." बाळीने सगळ्या खिडक्या उघडल्या. वास तरी बराच वेळ राहिला.

नटाने नाटक केलंच. मामांशिवाय. शब्द बदलला, 'मंगळवार'चा 'परवा' केला, आणि शेवटच्या प्रवेशात एका म्हाताऱ्या नटाच्या पायांवर डोकं ठेवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात असं बाळीने ऐकलं. संस्थेने पुढच्या वर्षी तिला पुन्हा विचारलं. या वेळी चित्रकाराशी जोडी लावू म्हणाले. तिने नाही म्हटलं. "एवढा एक अनुभव वाईट आला म्हणून लोकांशी नातंच तोडायचं का?" असं संचालकांनी विचारलं. लोकांना सांगायला हवं, हे तिला अजूनही पटत होतं. फक्त लोक म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे ती उघडी तोंडं यायची आणि जिभेखाली पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं.

मामांना तिने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बाईंकडे पाठवलं. त्या बाई संशोधन करत नव्हत्या, नुसते उपचार करायच्या. त्यांच्या खोलीत रेकॉर्डर नव्हता. सुरुवातीला मामा जिना चढायला तयार नव्हते. मामीने महिनाभर रोज त्यांना फाटकापर्यंत नेऊन परत आणलं. मग एक दिवस ते चढले.

पुढे उन्हाळ्यात बाळी त्या बाईंना एका बैठकीत भेटली. घरी तिच्यासमोर मामा गप्पच असायचे, म्हणून चहाच्या टेबलापाशी तिने विचारलंच, "कसे आहेत मामा? बोलतात का काही?"

"बोलतात की," बाई म्हणाल्या. "मजेत चाललंय."

"काय बोलतात? तोच शब्द, की नवा काही आलाय? सूर कसा आहे?"

बाईंनी कप खाली ठेवला. "राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी सांगितलंय, ते काय बोलतात हे तुम्हाला सांगायचं नाही."

"असं सांगितलं? कसं सांगितलं?"

"तुमचा फोटो आहे ना त्यांच्या पाकिटात, तो काढून टेबलावर ठेवला. आणि मग माझ्या तोंडावर हात ठेवला."

फोटो अजून पाकिटात आहे, हेच तिला माहीत नव्हतं. मागे कोणीतरी बैठक पुन्हा सुरू होतेय असं सांगत होतं. ती तिथेच उभी राहून थंड झालेला चहा शेवटपर्यंत प्यायली, मग कप विसळून पालथा घातला आणि आत गेली.